कवटीचा फलक आणि फीडरचे नाव

विजेच्या खांबावरची कवटी आणि तिच्याखालचा ‘धोका’ हा शब्द लहान मुलालाही कळतो. तो फलक बजावतो, हात लावू नका. पण हात लावणे हाच ज्याचा धंदा, त्या वायरमनला तो काय सांगणार? ही डीपी कोणत्या फीडरवर आहे, ती कोठून बंद होते आणि बंद केल्यावरही दुसऱ्या बाजूने वीज येऊ शकते काय, हे त्याला कळायला हवे.

कायद्याने ही गरज ओळखली नाही, असे नव्हे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी स्थानिक भाषेतल्या धोक्याच्या फलकाबरोबरच उपकेंद्रातील प्रत्येक सर्किट कायमस्वरूपी खुणेने वेगळे ओळखू यावे, असेही बंधन घातले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या विनियमांत हे बंधन कायम आहे. जिथे एकाहून अधिक बाजूंनी पुरवठा येतो, त्या ठिकाणासाठी तर स्वतंत्र तरतूद आहे.

अडते ते अंमलबजावणीत. कवटी एकदा ठोकली की काम संपते. खुणेचे तसे नाही. वाहिनी वाढते, भार दुसऱ्या फीडरवर टाकला जातो, रंगवलेला क्रमांक मात्र जुनाच राहतो. ही उणीव आजवर जुन्या लाइनमनच्या स्मरणशक्तीने भरून काढली. आता कामावर कंत्राटी माणसे येतात आणि जातात. त्यांच्याबरोबर आठवणही जाते. त्यातच घरोघरी इन्व्हर्टर, जनरेटर आणि छतावरचे सौर संच आले. मुख्य खटका पाडला तरी तार निर्जीव झाली, असे गृहीत धरता येत नाही.

खूण म्हणजे सुरक्षा नव्हे, हेही खरे. परमिट, तपासणी, अर्थिंग आणि हातमोजे यांना पर्याय नाही. पण चुकीच्या फीडरचे परमिट घेतले, तर ते कागदावर बिनचूक असूनही जीव घेते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या आकड्यांनुसार विजेच्या धक्क्याने देशात वर्षाला दहा हजारांहून अधिक माणसे मरतात. २००३ च्या विद्युत कायद्याच्या १६१ व्या कलमानुसार होणारी चौकशी केवळ अपघाताचे कारण शोधण्यापुरती नाही. नियम कितपत पाळले गेले, हेही तिने पाहायचे असते. तेव्हा ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असा शेरा मारण्यापूर्वी त्या डीपीवर काय लिहिले होते आणि ते खरे होते काय, हा प्रश्न अधिकाऱ्यांना विचारला गेला पाहिजे.