डब्यात न टिकणारं अन्न

दिवाळीचा फराळ ही मुळात टिकवण्याची विद्या. चिवड्याचे पोहे कडकडीत ऊन खाल्लेले हवेत, चकलीत ओल राहता कामा नये, लाडवाचा पाक एकतारी की दोनतारी यावर घरात दोन पक्ष पडतात. आमच्याकडे डब्यांच्या तळाला कागद घालत, आणि झाकण दाबताना आजी बजावायची, ‘तुळशीच्या लग्नापर्यंत पुरलं पाहिजे.’ यंदाच्या अंकाचा विषय ‘शिधा’ ठरला तेव्हा मला आधी आठवलं ते या डब्यांच्या अगदी उलट टोकाचं अन्न. सकाळी वेचायचं, त्याच दिवशी संपवायचं, आणि रात्रभर ठेवलं तर किडे पडणारं. बायबलमधला मान्ना.

गोष्ट ‘निर्गम’च्या सोळाव्या अध्यायातली. इस्राएली लोकांना मिसर सोडून महिना झालेला. एलीम आणि सिनाय यांच्यामधलं ओसाड रान. भुकेली माणसं आपला पुढारी मोशे याला बोल लावताहेत, की गुलाम होतो, पण मांसाच्या हंड्यांशेजारी बसून पोटभर जेवत तरी होतो. संध्याकाळी लाव्यांचे थवे उतरतात. सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर दिसतं ते हिमकणांसारखं बारीक, पापुद्र्यासारखं काहीतरी. धण्यासारखे पांढरे दाणे, चव मध घातलेल्या पोळीची. लोक एकमेकांना विचारतात, ‘मान हू?’ म्हणजे, हे काय आहे?

तेच त्याचं नाव पडलं. आता हिब्रूत ‘काय’ला ‘मा’ म्हणतात. ‘मान’ हे रूप तिथे जरा परकं वाटतं, त्यामुळे ही व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. अकराव्या शतकातला फ्रान्समधला ज्यू भाष्यकार राशी वेगळाच अर्थ लावतो: मान म्हणजे तयार करून दिलेलं अन्न. आपल्या अंकाच्या विषयाच्या हा अर्थ फार जवळचा आहे, तरी मन मात्र पहिल्याच अर्थाकडे ओढ घेतं. ‘गणना’ या पुस्तकात लोक मान्ना जात्यात दळतात, उखळात कुटतात, भांड्यात शिजवतात, त्याच्या भाकऱ्या करतात. म्हणजे चाळीस वर्षं ही माणसं रोज सकाळी ‘हे-काय’ वेचत होती आणि ‘हे-काय’च्याच भाकऱ्या थापत होती!

हे खरोखर काय होतं, याचा शोध पुष्कळांनी घेतला. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस लिहितो की आपल्या काळातही त्या भागात ते पडतं. 1816 साली सिनायमधून हिंडणाऱ्या बुर्कहार्ट या प्रवाशानं पाहिलं की तिथले बेदुइन अरब टॅमरिस्कच्या झुडपांखाली पडलेले गोड थेंब उन्हं चढण्याआधी वेचतात, फडक्यातून गाळतात, कातडी पिशवीत भरतात आणि पुढे मधासारखे भाकरीला लावून खातात. काही वर्षांनी एरेनबर्ग या जर्मन निसर्गतज्ज्ञानं त्यात किड्याचा हात ओळखला, पण त्याला वाटलं किडा साल टोचतो आणि रस झाडातून पाझरतो. खरा उलगडा 1927 मध्ये झाला. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ बोडेनहाइमर सिनायला गेले आणि त्यांनी दाखवलं की थेंब झाडाचे नाहीत, किड्याच्या अंगातून पडणारे आहेत. झाडाच्या रसात साखर फार आणि नत्र थोडं. त्या थोड्या नत्रासाठी किडा भरमसाट रस ओढतो आणि नको असलेली साखर मागून टाकून देतो. वाळवंटाच्या कोरड्या हवेत तो थेंब सुकून पांढरट कण होतो. ऊन तापलं की वितळतो, आणि त्याआधी उचलला नाही तर मुंग्या नेतात.

मराठी शेतकऱ्याला यातलं काहीही नवं नाही. कपाशीवर, ज्वारीवर मावा पडला की पानं चिकट होतात, त्याला तो चिकटा म्हणतो आणि फवारणीचा पंप काढतो. सिनायमधला किडाही आपल्या पिठ्या ढेकणांच्याच गोतावळ्यातला. इथे ज्याच्यावर औषध मारायचं, त्यालाच तिथले बेदुइन ‘मन्न अस्-समा’, आकाशातलं मन्न, म्हणत आले. (कुराणातही मूसाच्या लोकांना मिळालेलं अन्न ‘मन्न आणि सलवा’ असंच येतं.)

मला हा शोध मनापासून आवडतो, आणि तरी त्यानं गोष्ट सुटते असं वाटत नाही. टॅमरिस्कचे थेंब उन्हाळ्यात काही आठवडेच मिळतात. नुसत्या साखरेवर माणूस चाळीस वर्षं काय, चाळीस दिवससुद्धा धड राहणार नाही. शिवाय किड्याला शनिवार कळत नाही, गोष्टीतला मान्ना मात्र शनिवारी पडत नाही. ज्यानं ही गोष्ट सांगितली त्यानं हे थेंब पाहिले असतील, चाखलेही असतील. पण त्याचं सगळं लक्ष दुसरीकडे आहे. मान्ना पडला कसा हे तो चार ओळींत आटपतो आणि मोजला कसा हे तपशिलानं सांगतो.

माप ओमेरचं, माणशी एक. साधारण दोन लिटरच्या आसपासचं, आपल्या शेर-मापट्यासारखं घरगुती भांडं. कुणी पुष्कळ वेचलं, कुणी थोडं. घरी येऊन मोजलं तेव्हा पुष्कळवाल्याचं उरलं नाही आणि थोडंवाल्याला कमी पडलं नाही. शीग नाही, खोट नाही. तरी काहींनी उद्यासाठी मागे ठेवलंच. सकाळी त्यात किडे आणि दुर्गंधी, आणि मोशेचा संताप. मला या ठेवणाऱ्यांचा राग येत नाही. कालपर्यंत उपाशी असलेल्या बाईनं मूठभर झाकून ठेवलं तर तो लोभ म्हणायचा का? ‘आनंदाचा शिधा’ घ्यायला रेशनच्या दुकानापुढे 2022 च्या दिवाळीत जी रांग लागली होती, त्या रांगेतल्या कुणालाही हे विचारावं. शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ एकेक किलो आणि एक लिटर पामतेल. तेही शिधापत्रिकेमागे एक संच, घरात तोंडं तीन असोत की नऊ. वाळवंटातला हिशेब निदान तोंडं मोजून होता.

रोजच का? वर्षाचं एकदम का नाही? हा प्रश्न तालमूद या ज्यूंच्या ग्रंथात शिष्य गुरूला विचारतात. उत्तरादाखल तिथे एक राजा येतो. तो मुलाला वर्षाचा खर्च एकरकमी द्यायचा, मग मुलगा वर्षातून एकदाच तोंड दाखवायचा. राजानं रोजचं रोज द्यायला सुरुवात केली. गावाकडे पैसे पाठवणारे आणि गावाकडून पैसे मागवणारे, दोघांनाही यातली मेख कळेल.

सहाव्या दिवशी मात्र दुप्पट पडायचं आणि ते सातव्या दिवसापर्यंत बिघडायचं नाही, कारण सातव्या दिवशी वेचायला जायचं नाही. दहा आज्ञा पुढे विसाव्या अध्यायात येतात. शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळण्याचा पहिला धडा त्याआधी या अन्नातून दिला गेला. हा धडा आपल्या कोकणापर्यंत पोचला होता. अलिबागच्या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं शनिवार तेली. पोथ्या नव्हत्या, हिब्रू जवळपास विसरलेली, बोली मराठी, आडनावं गावांवरून, पण आठवड्यातला एक दिवस बैल सुटा. पुढे त्यातले बहुतेक इस्राएलला गेले, तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघालं.

आणि कुरकुर? ती तर या गोष्टीतली सर्वांत खरी जागा. लोक मिसरमधले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे आणि लसूण आठवून रडतात. आकाशातून पडतं आहे, फुकट आहे, गोड आहे. पण रोज तेच. तालमूदच्या पंडितांनी मग सांगून टाकलं की मान्नाला ज्याला हवी ती चव लागायची. मला ही सारवासारव वाटते. कांदा-लसणाशिवायचं जेवण चातुर्मासात चार महिने काढणाऱ्या घरांनी त्या माणसांची बाजू घ्यायला हरकत नाही.

शब्द मात्र कुठल्या कुठे गेला. सिसिलीत एका झाडाच्या खोडाला चिरा पाडून जो गोड रस सुकवतात, त्यालाही लोक मान्नाच म्हणू लागले. 1806 मध्ये प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं त्यातून जो पदार्थ वेगळा केला तो मॅनिटॉल. अपघातानंतर मेंदूची सूज उतरावी म्हणून सलाइनच्या दांडीला ती बाटली लटकलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी त्या रात्री ‘हे काय आहे’ असं नर्सला नक्की विचारलं असेल.

या अंकात गिरणीसमोरची रांग आहे, वारीतल्या दिंडीचा शिधा आहे, वसतिगृहातली खानावळ आहे. मान्नावर स्वतंत्र लेख नाही, म्हणून ही जागा मी वापरली.

चाळीस वर्षांनी मान्ना वेचणारे ते लोक यार्देन नदी ओलांडून यरीहोच्या मैदानात आले. वल्हांडणाचा सण झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या भूमीचं धान्य खाल्लं, बेखमीर भाकरी आणि हुरड्यासारखं भाजलेलं धान्य. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मान्ना पडायचा थांबला. आता पेरायचं, कापायचं, कणग्या भरायच्या. थांबल्याची बातमी ‘यहोशवा’त एका वाक्यात उरकली आहे. त्या सकाळी कुणी सवयीनं भांडं घेऊन बाहेर गेलं का, हे तिथे लिहिलेलं नाही.

अंक तुमच्या हाती येईल तोवर चकलीच्या डब्याचा तळ दिसू लागला असेल.