पवनऊर्जेत गावाचा समभाग

म्हैसूर संस्थानाने १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्र येथे जलविद्युत केंद्र सुरू केले, तेव्हा तेथील वीज प्रथम गेली ती सुमारे दीडशे किलोमीटर दूरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना. खाणी ब्रिटिश कंपन्यांकडे होत्या. केंद्र मात्र संस्थानाच्या मालकीचे होते. त्यामुळे विजेचे उत्पन्न संस्थानाच्या तिजोरीत आले आणि १९०५ मध्ये बंगळूर व त्यानंतर म्हैसूर शहर त्याच विजेने उजळले. आपल्याकडे मुळशीला याच्या उलट घडले. वीज मुंबईला गेली आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करूनही मावळातील शेतकऱ्याच्या वाट्याला फार तर जमिनीची किंमत आली. निसर्गाच्या एकाच शक्तीचे हे दोन हिशेब मालकी कोणाची, या एका बाबीमुळे वेगळे झाले.

पवनऊर्जेत आपण आजवर मुळशीचाच हिशेब गिरवीत आलो आहोत. साताऱ्यातील वनकुसवडे पठारावर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांचे अनेक मालक दूरच्या शहरांतील उद्योग व गुंतवणूकदार होते, आणि त्यांना येथे आणण्यात वाऱ्याइतकाच आयकरातील त्वरित घसाऱ्याच्या सवलतीचाही वाटा होता. पठारावरच्या कुटुंबांना जमिनीचे एकरकमी पैसे मिळाले, काहींना राखणदाराची नोकरी. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात प्रश्न अधिक बिकट होता. वनजमिनी पवनचक्क्यांसाठी वळत्या करण्यावरून वनहक्काचे दावेदार असलेल्या आदिवासींना आंदोलने करावी लागली. ज्याची मालकीच मान्य झालेली नाही, त्याने भागीदारी मागायची तरी कोणत्या तोंडाने?

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आदिवासींच्या जमिनीला संरक्षण देते. अशी जमीन बिगर-आदिवासीला विकायची वा भाडेपट्ट्याने द्यायची, तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. पट्ट्याची मुदत पाच वर्षांहून अधिक असेल, तर राज्य शासनाचीही. हे संरक्षण मोलाचेच आहे. परंतु त्या जमिनीवरून वाहणाऱ्या वाऱ्याच्या उत्पन्नाविषयी कलम काही बोलत नाही.

कॅनडातील क्युबेक प्रांताच्या गॅस्पे द्वीपकल्पात मिगमाक हा आदिवासी समाज राहतो. तेथील शासनाने १५० मेगावॅटचा पवनप्रकल्प या समाजासाठी राखून ठेवला. समाजाच्या तीन वस्त्यांनी खासगी कंपनीशी भागीदारी केली आणि २०१६ अखेर सुरू झालेल्या त्या प्रकल्पात निम्मी मालकी स्वतःकडे ठेवली. तेथे अधिकार आधी ठरला आणि भागीदार नंतर आला. आपल्याकडे विकासक आधी येतो, आणि ग्रामसभेला कळते तेव्हा रस्त्याचे खोदकाम सुरू झालेले असते.

भांडवल कोठून आणायचे, हा आक्षेप रास्त आहे. म्हैसूरहून निलगिरी ओलांडून खाली उतरले की मेट्टुपाळ्यमजवळ ओडंतुरै ही ग्रामपंचायत लागते. तिने २००६ मध्ये सुमारे दीड कोटी रुपये खर्चून ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली. काही पैसे पंचायतीचे होते, बाकी बँकेचे कर्ज. गावाची गरज भागवून उरणारी वीज ती विकते. चक्की गावाच्या हद्दीतही नाही, दूर वाऱ्याच्या पट्ट्यात आहे. तरी मालक गावच आहे. दक्षिण आफ्रिकेचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. तेथे नवीकरणीय प्रकल्पांत स्थानिक समाजाचा किमान अडीच टक्के हिस्सा बंधनकारक करण्यात आला, पण हा हिस्सा बहुधा कर्जातून घेतला गेल्याने आरंभीच्या वर्षांतील लाभांशाचा मोठा भाग कर्जफेडीतच गेला. कर्जाच्या अटी न वाचता घेतलेला समभाग कागदावरच राहतो.

समभाग ही कल्पना आपल्या शेतकऱ्याला परकी नाही. सहकारी साखर कारखान्याचा सभासद शेअरधारकच असतो, आणि ज्या कारखान्यांत सहवीजनिर्मिती होते त्यांचे सभासद आजही वीज प्रकल्पाचे मालक आहेत. सहकारातील सत्ता काही घराण्यांत कशी अडकते, हेही आपण पाहिले आहे. म्हणून पवनऊर्जेतील समभाग ग्रामसभेच्या नावे असावा, आणि त्यात भूमिहीनांचाही वाटा असावा, असे मला वाटते.

हे आजच बोलण्याचे कारण आहे. पवनचक्कीचे आयुष्य साधारण वीस ते पंचवीस वर्षांचे असते, म्हणजे पहिल्या पिढीतील यंत्रे आता थकली आहेत. जुनी लहान यंत्रे काढून त्या जागी मोठी बसविणे आणि चालू यंत्रांचे आयुर्मान वाढविणे यांसाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित धोरण आणले. उत्तम वाऱ्याच्या जागा मोजक्याच असल्याने विकासक पुन्हा त्याच पठारांवर येतील, आणि नव्या यंत्रांना नवा पाया, रुंद रस्ता व अनेक ठिकाणी नवा करार लागेल. आपल्या कार्यक्षेत्रात जमीन सातबाऱ्यावर कोणाच्या नावे आहे, भाडेपट्टा कोणत्या वर्षी संपतो, वनहक्काचा दावा कोणत्या समितीपुढे अडकला आहे, याची गावनिहाय यादी विस्तार कार्यकर्त्यांनी या हंगामातच करून ग्रामसभेपुढे ठेवावी. माझ्या मते मागणी दहा टक्क्यांपासून सुरू व्हावी, आणि जमिनीचा वापर हेच गावाचे भांडवल धरले जावे.