पांढऱ्या हत्तीच्या मागे

गुरुवार, २६ सप्टेंबर २०२४. दुपारी साडेबाराचा सामना, आणि सकाळी आठपासूनच कोलिझियमच्या वाहनतळावर गाड्यांची रांग. मी आणि माझा मुलगा बार्टने गेलो. स्टेशनातून मैदानाकडे जाणारा तो लांबलचक पूल, एका बाजूला भंगाराची आवारे, दुसऱ्या बाजूला शेंगा, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या विकणारे. सत्तावीस वर्षे हा पूल मी तुडवला. त्या दिवशी त्यावर माणसे हळू चालत होती, अंत्ययात्रेत चालतात तशी.

ऑकलंड अ‍ॅथलेटिक्सचा ऑकलंडमधला तो शेवटचा सामना. १९६८ पासून इथे खेळणारा हा व्यावसायिक बेसबॉल संघ गाव सोडून निघाला होता. ४६,८८९ प्रेक्षक आले. वर्षभर ज्या मैदानात कावळे मोजावेत, तिथे मुंगी शिरायला जागा नव्हती.

बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही, म्हणून दोन शब्द. हंगाम १६२ सामन्यांचा. वसंतापासून सप्टेंबर सरेपर्यंत जवळपास रोज सामना. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हा आकडा प्रथम थट्टेचा वाटतो. पण त्यातच या खेळाची गोम आहे. चांगला संघही साठ-सत्तर वेळा हरतो आणि वाईट संघही साठएक वेळा जिंकतो. म्हणजे हरणे ही इथे दुर्घटना नसते, दूधवाल्यासारखी रोज दारी येणारी गोष्ट असते. आज हरलो, उद्या पुन्हा खेळायचे. आमचा संघ २०२३ मध्ये १६२ पैकी ११२ सामने हरला. एवढे हरायलाही सातत्य लागते!

मी १९९६ साली नोकरीनिमित्त फ्रीमाँटला आलो. पुढच्या उन्हाळ्यात शेजाऱ्याने सामन्याला नेले. तिकीट स्वस्त होते, ऊन कोवळे होते आणि मुलगा सहा वर्षांचा होता. एवढ्या भांडवलावर माणूस कशाचाही भक्त होतो. संघ तेव्हाही हरतच होता. त्या वर्षी ९७ पराभव. जुलैअखेर त्यांनी आपला हुकमी फलंदाज मार्क मॅग्वायर सेंट लुईसला देऊन टाकला. पुढच्या वर्षी त्याने तिकडे ७० होमरन मारून विक्रम केला. (त्यामागे औषधांचाही हात होता, हे त्याने २०१० मध्ये कबूल केले. असो.) आपल्या घरी वाढवायचे आणि दुसऱ्याच्या घरी नांदायला पाठवायचे, ही या संघाची रीत मला पहिल्याच वर्षी कळली होती. तक्रार करायला मला तसा अधिकार नाही.

१९९८ मध्ये आई साताऱ्याहून आली, तेव्हा तिलाही नेले. तिने दोन डाव निमूट पाहिले आणि मग विचारले, "अरे, एवढं जिवाच्या आकांतानं पळतात, आणि फिरून परत निघाले तिथंच येतात?" मी म्हटले, "आई, त्यालाच इथं धाव म्हणतात." ती म्हणाली, "मग जागचं हलायचं कशाला?" तिला खेळ कळला नाही असे मी तेव्हा सर्वांना हसत सांगितले. तिला आवडला तो हत्ती. संघाचे बोधचिन्ह हत्ती आहे, तेही पांढरा. १९०२ मध्ये हा संघ फिलाडेल्फियात होता, तेव्हा जॉन मॅग्रॉ नावाच्या प्रतिस्पर्ध्याने हिणवले की मालकांनी पांढरा हत्ती विकत घेतला आहे. संघाचे व्यवस्थापक कॉनी मॅक यांनी ती शिवी उचलून मानचिन्ह केली. पांढरा हत्ती पोसणे हा वाक्प्रचार इकडेही नेमक्या त्याच अर्थाने चालतो, हे ऐकून आईला फार गंमत वाटली. "कोण पोसतं याला?" तिने विचारले. या प्रश्नाचे उत्तर मिळायला मला पुढे पंचवीस वर्षे लागली.

आणखी एक गोष्ट मला बांधून गेली ती म्हणजे रेडिओ. लहानपणी बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकत आम्ही न पाहिलेली मैदाने पाहिली होती. इथे बिल किंग नावाचे गृहस्थ होते. १९८१ पासून २००५ पर्यंत अ‍ॅथलेटिक्सचा आवाज तेच. कामावरून घरी येताना महामार्गावर गाड्या तुंबलेल्या असत आणि गाडीत त्यांचा आवाज. ४ सप्टेंबर २००२ ची संध्याकाळ मला तशीच आठवते. आमचा संघ ओळीने १९ सामने जिंकला होता. विसाव्यात ११–० अशी आघाडी घेतली, आणि मग ती सगळी घालवून ११–११! शेवटच्या डावात स्कॉट हॅटेबर्ग या, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या खेळाडूने होमरन मारला. मी घराच्या दारात गाडी बंद न करता बसून होतो. मुलगा बाहेर धावत आला तेव्हा दोघेही ओरडत होतो.

त्या संघाची गोष्ट पुढे 'मनीबॉल' या पुस्तकामुळे आणि २०११ च्या चित्रपटामुळे जगभर गेली. न्यूयॉर्कचा यँकीज संघ खेळाडूंवर वर्षाला साडेबारा कोटी डॉलरच्या आसपास खर्च करी, आमचा सुमारे चार कोटी. बिली बीन या व्यवस्थापकाने आकडेशास्त्राच्या जोरावर स्वस्तातले, दुर्लक्षित खेळाडू हेरले आणि दोघांच्याही झोळीत त्या वर्षी १०३ विजय पडले. आम्हाला ही गोष्ट फार प्रिय होती. काटकसरीने संसार करणाऱ्या घराला कोणी शहाबासकी द्यावी तशी. पण आज मागे वळून पाहताना वाटते, त्या कौतुकानेच आमचा घात केला. गरिबी ही परिस्थिती आहे असे आम्ही धरून चाललो. ती धोरणही असू शकते, हे ध्यानात आले नाही.

ते कसे, हे थोडे उकलून सांगायला हवे. अमेरिकेत संघ म्हणजे मालकाची मालमत्ता. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो, म्हणून हरण्याची भीती असते. बेसबॉलमध्ये ते नाही. उलट श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला वाटा गरीब संघांना मिळतो, दूरचित्रवाणीच्या राष्ट्रीय कराराचे पैसे सर्वांत वाटले जातात, आणि संघ ३० च असल्यामुळे त्याची किंमत हरला तरी वाढतच राहते. शिवाय १९२२ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिलेली आहे. आमच्या संघाला सॅन होजेला जायचे होते, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सने तो आपला इलाखा असल्याचे सांगून वाट अडवली. सॅन होजे शहर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१५ मध्ये न्यायालयाने प्रकरण ऐकायलाही नकार दिला. त्याआधी आमच्या फ्रीमाँटमध्ये मैदान बांधायची योजना होती. २००६ मध्ये ती जाहीर झाली तेव्हा मी मनातल्या मनात घरापासूनचे अंतर मोजले होते. २००९ मध्ये तीही बारगळली.

ऑकलंडची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. १९६६ मध्ये उघडलेले कोलिझियम सिमेंटचे, रुक्ष, नंतर नंतर तर मोडकळीला आलेले. तिथल्या तुंबलेल्या गटारांच्या बातम्या देशभर छापून आल्या. पण शहर पैसे का काढत नव्हते? कारण एकदा हात पोळला होता. १९९५ मध्ये रेडर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ परत आणण्यासाठी शहराने आणि जिल्ह्याने कर्ज काढून सज्ज्याची एक अजस्र भिंत बांधली. तिने मैदानातून दिसणाऱ्या टेकड्या झाकल्या. कर्ज करदात्यांच्या डोक्यावर राहिले आणि २०२० मध्ये रेडर्स लास व्हेगासला निघून गेले. २०१९ मध्ये बास्केटबॉलचा वॉरियर्स संघ खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेला होता. उरला एक आमचा हत्ती. बंदरावर बारा अब्ज डॉलरचा मैदान-आणि-इमारती असा प्रकल्प मांडला गेला, वाटाघाटी झाल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये कळले की संघाने लास व्हेगासमध्ये जमीन पाहिली आहे. नेवाडा राज्याने ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा देऊ केला. तिथल्या शिक्षक संघटनेने शाळांसाठी पैसे नसताना हे कशासाठी, असा आवाज उठवला; तो मागे पडला.

आमच्या घरात फूट पडली ती याच्या आधी, मार्च २०२२ मध्ये. ऑल्सन, चॅपमन, बॅसिट, मनाया असे चार नावाजलेले खेळाडू महिन्याभरात देऊन टाकले गेले. मुलगा म्हणाला, "बाबा, आता मी पाऊल टाकणार नाही. आपण तिकीट काढतो म्हणून हे चालतं." मी म्हणालो, "आपण गेलो नाही तर मालक म्हणणार, पाहा, कुणी येतच नाही." दोघांचेही म्हणणे खरे ठरले, आणि दोघांचाही उपयोग झाला नाही. मी एकटा जात राहिलो. पाच-सहा हजार माणसे, त्यात समुद्रपक्षी धरून. उजव्या बाजूच्या स्टँडमध्ये मात्र ढोल वाजवणारी मंडळी शेवटपर्यंत होती. विसर्जनाला पथक संपूर्ण असावे आणि गणपती कुठे दिसू नये, असे ते दृश्य. प्रेक्षक सर्वांत कमी म्हणून संघ हलवायचा, आणि प्रेक्षक कमी व्हावेत अशी परिस्थिती आपणच करायची, याला काय म्हणावे? आपल्याकडे याच पद्धतीने बंद पडलेल्या गिरण्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना नवे काही सांगायला नको.

१३ जून २०२३ ला चाहत्यांनी एक अजब गोष्ट केली. बहिष्काराच्या उलट बहिष्कार! म्हणजे एके दिवशी सर्वांनी यायचे, आणि गर्दी करूनच निषेध करायचा. मुलाने स्वतः होऊन तिकिटे काढली. २७,७५९ लोक आले, हिरवे सदरे, त्यावर एकच शब्द: विका. पाचव्या डावाच्या आरंभी सारे मैदान उभे राहिले आणि एका बॅटरपुरते एकदम चूप झाले. बेसबॉलच्या मैदानात शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. मग आरोळी उठली, "संघ विका!" मालक जॉन फिशर यांना उद्देशून. गंमत म्हणजे तळाचा आमचा संघ अव्वल टॅम्पा बेला हरवून ओळीने सातवा सामना जिंकला. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने मैदानाचे विधेयक मंजूर केले. बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड दोन दिवसांनी म्हणाले की एका रात्रीपुरती का होईना, जवळजवळ सरासरीइतकी गर्दी झाली हे छान झाले. नोव्हेंबरमध्ये सर्व मालकांनी एकमताने स्थलांतराला संमती दिली. तिसाच्या तीस.

पुण्यातल्या माझ्या मेव्हण्याला मी हे फोनवर सांगत होतो, तर तो म्हणाला, "त्यात काय, आमचे दोन गेले." खरेच की! पुणे वॉरियर्स २०१३ मध्ये संपले. मग आलेला रायझिंग पुणे संघ २०१७ चा अंतिम सामना एका धावेने हरला आणि दोन वर्षांची मुदत संपली म्हणून गायब झाला. गहुंजेला जाऊन गळा फोडणाऱ्यांचे पुढे काय झाले, कुणी विचारले नाही. आयपीएलचा साचा अमेरिकेतलाच आहे. रणजीचा मुंबईचा संघ कितीही हरला तरी तो कुणाला सुरतेला नेता येणार नाही, कारण तो कुणाच्या खिशातला नाही. हा फरक मला ऑकलंडने शिकवला, मुंबईने नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही टेक्ससला ३–२ ने हरवले. प्रशिक्षक मार्क कॉटसे हातात ध्वनिक्षेपक घेऊन प्रेक्षकांचे आभार मानत होते. खाली कुंपणाशी मैदानाचे कर्मचारी लोकांना मूठ मूठ माती देत होते. मुलाने कॉफीच्या कागदी पेल्यात थोडी घेतली. परतीच्या पुलावर तो म्हणाला, "तुम्ही सातारा सोडलंत तेव्हा आजीला असंच वाटलं असेल?" मी उत्तर दिले नाही. माणूस पोटासाठी जातो, संघ नफ्यासाठी, असे काहीतरी बोलता आले असते. पण मीही त्या वेळी नफाच पाहिला होता, हे त्याला ठाऊक आहे.

२०२५ पासून हा संघ वेस्ट सॅक्रामेंटोच्या एका छोट्या, चौदा हजारांच्या मैदानात बिऱ्हाडकरू म्हणून खेळतो आहे. नावात आता गावच नाही, नुसते 'अ‍ॅथलेटिक्स'. लास व्हेगासचे मैदान २०२८ पर्यंत उभे राहील असा बेत आहे. इकडे ऑकलंडमध्ये बॉलर्स नावाचा एक छोटा, स्वतंत्र संघ २०२४ मध्ये उभा राहिला. त्याचे भाग चाहत्यांनीही विकत घेतले आहेत आणि २०२५ मध्ये त्यांनी आपल्या छोट्या लीगचे विजेतेपदही पटकावले. मुलगा आता त्यांच्या सामन्यांना जातो, मलाही नेतो. खेळ दुसऱ्या दर्जाचा आहे, पण शेजारी बसलेला माणूस खरोखरच मालक असू शकतो.

आता एक कबुली. जुलै २०२५ मध्ये मी एकटाच फ्रीमाँटहून रेल्वेने सॅक्रामेंटोला गेलो. सोनेरी टॉवर पूल चालत ओलांडला, रणरणत्या उन्हात तिकीट काढले आणि बसलो. पोरे सुरेख खेळत होती. निक कुर्ट्झ नावाचा एक नवा मुलगा असा काही चेंडू फटकावतो की पाहत राहावे. त्यांच्या एका बाहीवर सॅक्रामेंटोच्या पुलाचे चित्र होते, दुसऱ्या बाहीवर लास व्हेगासचे नाव. हत्ती कुठे दिसतो का, म्हणून मी बराच वेळ शोधत राहिलो. सातव्या डावापर्यंत थांबलो आणि गाडी चुकेल म्हणून उठलो.

मुलाला हे सांगितलेले नाही. त्याला मराठी बोलता येते, वाचता येत नाही, म्हणून इथे लिहिले.