वाय-फाय बंद म्हणजे लॅपटॉप भंगार नव्हे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. दुकानांतले बरेच जुने लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. काही व्यापारी व कारागीर बांधव त्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली घालतात. मशीन धावू लागते, पण वाय-फाय दिसत नाही. मग दुरुस्तीवाला सांगतो, कार्ड गेले, नवा घ्या!

आमच्या मते येथे खिशात हात घालण्याची घाई करू नये. कार्ड बहुधा ठणठणीत असते. वाय-फायच्या चिपला सुरू होताना फर्मवेअर नावाचा छोटा प्रोग्राम लागतो. ब्रॉडकॉमच्या अनेक जुन्या चिपांचा हा प्रोग्राम इतरांना वाटण्याची मोकळीक कंपनीने दिलेली नाही. डेबियनने २०२३ पासून असे बरेच फर्मवेअर आपल्या संचातच दिले, तरी हे त्यात नाही. गिऱ्हाइकाने कुलूप विकत घ्यावे आणि किल्ली कारखानदाराने ठेवावी, हा कसला व्यवहार?

आधी लॅपटॉपच्या कडेला वाय-फायचे बटण आहे का ते पाहावे. मग मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे, इंटरनेट येते. उबंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मध्ये ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर दिसला की निवडावा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा.

मात्र हिशेब टॅलीवर असेल तर विंडोज पुसू नये. टॅली विंडोजसाठीच बनलेली आहे. इतरांनीही लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी आणि खातेवहीची नक्कल दुसरीकडे ठेवावी.