काकांची डायरी आणि माझी थकबाकी

सगळं ठरलं होतं. म्हणजे अगदी पडद्यांच्या रंगासकट. कर्वेनगरमध्ये तळमजल्यावरचा वन बीएचके, समोर पारिजातक, भाडं सतरा हजार आणि मुख्य म्हणजे चढायला एकही पायरी नाही. दिवाळीनंतर बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. ते आणि आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे येणार होते. मी मात्र तेव्हा वारज्यात मैत्रिणीच्या हॉलमध्ये, दोन बॅगा आणि एका कुकरसह मुक्कामाला होते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यामुळे हे घर मिळणं म्हणजे माझ्यासाठी लॉटरीच होती.

आणि टोकन द्यायच्या आदल्या संध्याकाळी नव्या घरमालकीण काकूंचा फोन आला. आवाज एकदम थंड. ‘अगं, तुझ्या आधीच्या घरमालकांशी बोलले. दोन महिन्यांचं भाडं बाकी आहे म्हणे. आणि न सांगता घर सोडलंस? आम्ही जरा विचार करून कळवतो.’

मंडळी, पुण्यात ‘विचार करून कळवतो’ म्हणजे काय, हे स्थळं बघणाऱ्यांना आणि घरं बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको!

फोनवरचं प्रगतिपुस्तक

माझी एक कॉलेजची मैत्रीण न्यू जर्सीत असते. तिच्याकडे घर देण्याआधी भाडेकरूचा छापील रिपोर्ट काढतात. त्यात चूक असेल आणि त्यामुळे घर नाकारलं, तर तसं कळवावं लागतं. मग 60 दिवसांत तो रिपोर्ट फुकट मागता येतो, चुकीवर हरकत घेता येते आणि रिपोर्टवाल्या कंपनीला साधारण 30 दिवसांत तपासून उत्तर द्यावं लागतं. हा तिथला 1970 चा केंद्रीय कायदा.

आपल्याकडे असा रिपोर्ट नाही. भाडं वेळेवर भरलं तरी ते साधारणपणे आपल्या क्रेडिट रिपोर्टात दिसत नाही. आपला रिपोर्ट म्हणजे जुन्या घरमालकांचा मोबाइल नंबर. ते काय बोलले हे आपल्याला दिसत नाही, त्यावर सही नसते आणि हरकत घ्यायला खिडकीही नसते. मी नऊ महिने या माणसाच्या घरात राहिले, त्यांच्या नातीला निबंध लिहून दिले, आणि माझी इज्जत दीड मिनिटाच्या कॉलमध्ये खल्लास.

पहिली रिअॅक्शन अर्थातच भांडायची होती. मैत्रिणीने माझ्या हातातून फोन काढून घेतला. ‘आधी कागद काढ, मग आवाज काढ,’ ती म्हणाली. ती सीए आहे. अशा लोकांशी मैत्री ठेवावी.

कागद काय म्हणतात?

रात्री बारापर्यंत आम्ही तीन गोष्टी जमवल्या. एक, रजिस्टर केलेला लिव्ह अँड लायसन्स करार. दोन, जानेवारी ते सप्टेंबरचं बँक स्टेटमेंट. तीन, घर सोडतानाचे फोटो, ज्यात विजेच्या मीटरचं रीडिंगसुद्धा होतं. (फोटो मी खरं तर रिकाम्या घराच्या आठवणीसाठी काढले होते. भावनाप्रधान असण्याचे फायदे असतात.)

स्टेटमेंटवर हायलायटर फिरवला आणि पोटात गोळा आला. जून आणि जुलै, दोन्ही महिने कोरे! बावीस हजार अधिक बावीस हजार. म्हणजे काका खरं बोलत होते? मी चव्वेचाळीस हजार बुडवले आणि मलाच पत्ता नाही?

मग आठवलं. जूनच्या सुरुवातीला पीएमपीच्या बसमध्ये माझा फोन गेला होता. नवं सिम, बँकेत नंबरची भानगड, या सगळ्यात ऑनलाइन पेमेंट बंद पडलं. ते दोन महिने माझ्या मामेभावाने त्याच्या खात्यावरून भाडं भरलं होतं. मी त्याला नंतर पैसे दिले आणि विषय विसरून गेले. काकांना सांगितलं होतं का? बहुतेक. जिन्यात. तोंडी.

मामेभावाचं आडनाव वेगळं. काकांच्या डायरीत ते पैसे कोणाच्या नावावर पडले असतील?

कोथरूड, सकाळचे अकरा

दुसऱ्या दिवशी मामेभावाच्या स्टेटमेंटची दोन पानं घेऊन गेले. काकांनी चष्मा लावला, डायरी उघडली. माझ्या पानावर जून-जुलैसमोर लाल शाईत ‘येणे’. मी व्यवहारांचे नंबर वाचत गेले, ते पासबुकात बोट फिरवत गेले. दोन्ही रकमा सापडल्या. तारखाही जुळल्या.

‘हे तर मी वरच्या मुलाचे धरले!’ काका म्हणाले.

वरच्या मजल्यावर त्यांचाच दुसरा फ्लॅट आहे, भाडं तेवढंच. तिथल्या इंजिनिअरिंगच्या मुलाने ते दोन महिने भाडं भरलंच नव्हतं, आणि कोणी मागितलं नाही म्हणून त्यानेही आठवण करून दिली नव्हती. आता त्याला बोलावणं जाणार होतं. मला क्षणभर वाईट वाटलं. पण क्षणभरच.

राहिला प्रश्न नोटिशीचा. करारात एक महिन्याची नोटीस होती. रूममेट बंगळुरूला गेल्यावर एकटीला भाडं झेपेना, म्हणून मी घर सोडणार असल्याचं काकूंना सांगितलं होतं. लेखी काहीच नाही. काका म्हणाले, ‘मला माहीत नाही.’ तेवढ्यात आतून काकू आल्या. ‘अहो, गौरी जेवणाच्या दिवशी सांगितलं की तिने. पुरणपोळी वाढताना. तुम्ही पेपर वाचत होतात.’

माझी केस पुरणपोळीवर सुटली. तुमची सुटेलच असं नाही.

पण एका मुद्द्यावर मी सपशेल आपटले. काकांनी डिपॉझिटमधून रंगाचे आठ हजार कापायचे ठरवले होते. मी तावातावाने करार पुढे केला, आणि त्यातच लिहिलेलं निघालं की मुदतीआधी घर सोडलं तर रंगाचा खर्च भाडेकरूचा. माझ्याच संमतीचा करार. एजंटच्या लॅपटॉपसमोर अंगठा टेकवताना मी नक्की काय बघत होते, देव जाणे. आठ हजार गेले. सगळ्या चुका समोरच्याच्या नसतात, हा धडा तसा महागच पडला.

निघताना मी एकच गोष्ट मागितली, कागद. काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं: राहण्याचा काळ, सर्व भाडे मिळाले, आठ हजार वजा जाता डिपॉझिट परत, काही येणे-देणे बाकी नाही. खाली सही, तारीख. आणि माझ्यासमोर नव्या काकूंना फोन करून म्हणाले, ‘चूक माझी होती, मुलगी चांगली आहे.’ एका पुणेरी घरमालकाने ‘चूक माझी होती’ म्हणणं! माझ्याकडे रेकॉर्डिंग नाही याचं दुःख आयुष्यभर राहील.

तुमच्यासाठी, थोडक्यात

- करार रजिस्टर हवाच. ‘अकरा महिन्यांचाच तर आहे’ ही सबब महाराष्ट्रात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लेखी करार आणि नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत.
- नोंदवलेल्या करारात नाव, पत्ता, रक्कम चुकली असेल तर पेनाने खाडाखोड नको. दोघांच्या सह्यांचा चूक दुरुस्ती दस्त करून तो नोंदवावा लागतो.
- भाडं शक्यतो एकाच खात्यावरून भरा, शेऱ्यात महिना लिहा. दुसऱ्याने भरलं तर त्याच दिवशी घरमालकांना मेसेज.
- नोटीस लेखीच द्या. ईमेल किंवा व्हॉट्सअॅप, आणि ‘मिळाली’ असं उत्तर मागून घ्या.
- पोलिस पडताळणीचा फॉर्म घरमालक भरतात. त्याची प्रत मागा, स्पेलिंग तपासा.
- आरोप खोटा असेल तर फोनवर वाद नको. मुद्देवार पत्र, सोबत पुरावे, उत्तराला पंधरा दिवस. डिपॉझिट अडलं तर वकिलाची नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा ‘बघू नंतर’ करत बसू नका.
- आणि घर सोडताना, गोडीगुलाबी असतानाच, ‘बाकी नाही’चं पत्र घ्या. महिन्याभराने ते मागणं म्हणजे माफीनामा मागितल्यासारखं होतं.

आणि तो पारिजातक?

गेला. नव्या काकूंनी ‘विचार करून’ आदल्याच दिवशी दुसऱ्या कुटुंबाला घर दिलं होतं. माझी चूक नव्हती हे सिद्ध झालं, पण चोवीस तास उशिरा. त्यांना अपराधी वाटलं असावं, कारण त्यांनीच त्याच सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा नंबर दिला. लिफ्ट आहे. भाडं हजाराने जास्त आहे. पहिल्या भेटीत मी फाइल उघडून काकांचं पत्र समोर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘हे असं कोणी देतं होय?’

बाबा आता वॉकर घेऊन रोज लिफ्टने खाली जातात, पारिजातकाखालच्या बाकावर बसतात आणि तळमजल्याच्या नव्या भाडेकरूंशी गप्पा मारतात. चांगले लोक आहेत म्हणे. काल त्यांना सांगून आले, भाड्याची पावती घेत जा.