एक नंबरची जर्सी

फुटबॉलमध्ये एक नंबरची जर्सी गोलकीपरची. आपल्या ग्राउंडवर मात्र त्याचा नंबर शेवटचा! टीम पाडताना आधी स्ट्रायकर जातात, मग पळणारे जातात आणि जो उरतो त्याला सांगितलं जातं, "जाय बे, तू गोलमध्ये उभा राह्य." दहा शॉट अडवले तर कोणी बघत नाही. अकरावा सुटला की रात्री मेसमध्ये त्याचीच चर्चा.

जरा इंजिनिअरसारखा हिशेब करू. गोल २४ फूट रुंद, ८ फूट उंच. पेनल्टी ११ मीटरवरून. बॉल ताशी १०० किलोमीटरने आला तर पोचायला साधारण ०.४ सेकंद. एवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि उडी मारायची. हे काम "उरलेल्या" माणसाचं आहे का?

गोव्यातल्या ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर हे नाव आपल्या विंगमध्ये किती जणांना माहीत आहे? जन्म १९५४ चा. साळगावकर क्लबकडून ते वर्षानुवर्षं खेळले. १९८३ मध्ये गोव्याने पहिल्यांदा संतोष ट्रॉफी मिळवली, तीही बंगालसोबत विभागून. पुढच्याच वर्षी, १९८४ ला, फायनलमध्ये पंजाबला १-० ने हरवून एकट्याने. तेव्हा गोवा राज्यसुद्धा झालं नव्हतं, ते झालं १९८७ ला! १-० या स्कोअरमधला "१" कोणी मारला ते सगळे विचारतात. "०" कोणी राखला ते कोणी विचारत नाही. पण तो शून्य नसता तर कप आला असता का? ब्रह्मानंद भारताचे कप्तानही झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ मध्ये आणि पद्मश्री २०२२ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी. मिळाला हे चांगलंच झालं, पण केवढा उशीर!

हे फक्त आपल्या देशातच होतं असं नाही. रोमानियाचा हेल्मुट दुकादाम घ्या. ७ मे १९८६, सेव्हिया, युरोपियन कपची फायनल. समोर बार्सिलोना. मॅच ०-० सुटली आणि पेनल्टीत या पठ्ठ्याने लागोपाठ चार शॉट अडवले. स्टेआउआ बुखारेस्ट चॅम्पियन! पण नंतर लवकरच हातात रक्ताची गाठ झाली आणि २७ व्या वर्षी त्याचं मोठ्या लेव्हलचं फुटबॉल संपलं. काही वर्षांनी तो आपल्या आराद शहरातल्या एका छोट्या क्लबकडून खेळला, नंतर सीमा पोलिसात नोकरी केली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तो गेला. त्या एका रात्रीमुळे जग त्याला ओळखतं. ज्यांच्या वाट्याला अशी रात्रच येत नाही त्यांचं काय?

मित्रहो, माझा मुद्दा फक्त फुटबॉलचा नाही. २०२२ च्या जूनमध्ये आपल्या अमरावती-अकोला हायवेवर ७५ किलोमीटर सिंगल लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकली आणि गिनीज रेकॉर्ड झालं. सिव्हिलची पोरं आजही अभिमानाने सांगतात, सांगायलाच पाहिजे. पण तो रस्ता म्हणजे मारलेला गोल. पावसाळ्याआधी नाली साफ ठेवणारा, पहिली भेग दिसली की बुजवणारा माणूस म्हणजे गोलकीपर. त्याने काम नीट केलं तर काहीच घडत नाही, आणि "काहीच घडलं नाही" याची बातमी होत नाही. हॉस्टेलचा पंप चालवणारे काका, रात्रभर गेटवर बसणारे वॉचमन, पावसात खांबावर चढणारा लाइनमन, सगळे याच जातीचे. पाणी आलं नाही त्याच दिवशी आपल्याला काका आठवतात.

आपण स्वतः काय करतो? प्लेसमेंटला "डिझाइन" म्हटलं की डोळे चमकतात, "मेंटेनन्स" म्हटलं की तोंड वाकडं. बॉयलर फुटू न देणं हे बॉयलर बनवण्याइतकंच मोठं इंजिनिअरिंग आहे हे पुस्तकात आपण वाचतो आणि परीक्षेनंतर विसरतो.

काही जण म्हणतील, लोक गोल बघायलाच येतात, त्यात चूक काय? चूक नाहीच. टाळ्या स्ट्रायकरला पडणारच. पण टाळ्या आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंमत ठरवणारे आपणच ना!

अमरावतीला १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था आहे. खेळाकडे गंभीरपणे बघायची शिकवण आपल्याला बाहेरून आणायची गरज नाही. म्हणून जिमखान्याला एक विनंती. यंदाच्या इंटर-ब्रँच स्पर्धेत "बेस्ट स्कोअरर"च्या बाजूला "बेस्ट गोलकीपर"चं एक बक्षीस ठेवा. आणि कीपरसाठी धड ग्लोव्हजची एक जोडी घ्या. खर्च किती? एका वेळच्या फीस्टमधल्या गुलाबजामाएवढाही नाही. सुरुवात एवढ्यापासून झाली तरी पुष्कळ.