पटक्याची साक्ष

जुन्या वाड्यातील पेटीतून भरतकामाचा पटका बाहेर निघाला की तो हटकून पेशवाईतलाच ठरतो! पेशवाई १८१८ साली बुडाली. पण तिच्या पटक्यांची पैदास अद्याप थांबलेली दिसत नाही.

अंगरख्यावर कमरेस गुंडाळावयाचा असा एक पटका, 'नाना फडणविसांचा' म्हणून काचेत जडविलेला, मध्यंतरी मला दाखविण्यात आला. पदरावरील सर्व फुले एकाच भडक जांभळ्या रेशमाने भरली होती. नाना १८०० साली वारले. पर्किनने लंडनमध्ये जांभळा कृत्रिम रंग शोधला तो १८५६ साली. किरमिजी मॅजेंटा १८५९ चा. "धाग्याचा एक कण प्रयोगशाळेत तपासून घ्या," एवढेच मी म्हणालो. यजमान संतापले, "म्हणजे आमचे आजोबा खोटे बोलले?"

सारा घोटाळा ह्या प्रश्नातच आहे. आजोबांची साक्ष वस्तू कोणी जपली एवढ्यापुरती ग्राह्य. ती केव्हा भरली गेली, हे त्यांनी कोठे पाहिले होते? ते सांगावयाचे वस्त्रानेच. आरीने घातलेला साखळी टाका हाताच्या चालीप्रमाणे किंचित लहानमोठा पडतो; १८६० ते १८७० ह्या दशकात फ्रान्समध्ये तोच टाका घालणारे यंत्र निघाले, आणि त्याचे टाके कवायतीच्या शिपायांसारखे एकसारखे चालतात. काश्मिरी शालींत संपूर्ण नक्षी सुईने भरण्याची 'अमली' रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. सतराव्या शतकातील सुटे, सडपातळ फुलझाड पुढे दाट गुच्छ झाले व त्याची आखीव कैरी बनली. लांबट कैऱ्यांनी भरलेली अमली शाल 'शिवकालीन' म्हणणे म्हणजे नातवाला आजोबाचा आजोबा ठरविणे होय.

अर्थात उलट दिशेचा उतावळेपणाही तितकाच वाईट. कृत्रिम रंग 'ह्यापूर्वीचे नव्हे' एवढेच सांगतो. वनस्पतिज रंग आढळला म्हणून वस्त्र प्राचीन ठरत नाही. एखादा नवा धागा केवळ डागडुजीचा असेल. जुने पदर नव्या कापडावर चढविण्याचीही चाल होती. म्हणून पुढची बाजू पाहून निकाल देऊ नये; उलटी बाजू, शिवण व अस्तर पाहावे.

कोणी म्हणेल, एवढ्या काथ्याकुटाचे प्रयोजन काय? प्रयोजन हे की, खोट्या मोठेपणाने खरी माणसे पुसली जातात. तो पटका १८८० चा निघाला, तर तो मिरविणारा खापरपणजोबा व तो भरणारा अनाम कारागीर हे दोघे प्रथमच इतिहासात येतील. आणि ज्या घरी थोर पुरुषाचे नाव जोडता येत नाही, तेथे तेवढेच सुंदर वस्त्र जरीतील चांदीसाठी जाळले जाते, हे आपण पाहिलेच आहे. नाना फडणविसांस आपल्या पटक्याची गरज नाही. आपल्या पूर्वजांस मात्र आपल्या प्रामाणिकपणाची आहे.